निर्वासित मुलांची आरोग्य तपासणी : कशाआधी काय?

पुनर्वसन होऊन नव्या देशात आलेल्या मुलाची पहिल्यांदा काय-काय तपासणी करायची, याची यादी बहुतेक दवाखान्यांत असते. यादी बरोबरही असते. घोळ होतो तो क्रमात. हिपॅटायटिस बीची लस आज टोचली जाते आणि त्याच आजाराच्या तपासणीचं रक्त आठवड्याने निघतं. दम लागतोय म्हणून स्टेरॉइड सुरू होतं आणि जंतांची आठवण नंतर येते. चौदा वर्षांच्या मुलीला आईसमोर बसवून नको ते प्रश्न विचारले जातात, आणि ती मुलगी त्या दवाखान्यात पुन्हा पाऊल ठेवत नाही.

हा लेख डॉक्टर, परिचारिका आणि अशा कुटुंबांसोबत दवाखान्यात जाणारे स्वयंसेवक यांच्यासाठी आहे. यातली वयं आणि आकडे मुख्यतः जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेची रोग नियंत्रण संस्था सीडीसी यांच्या मार्गदर्शनातले आहेत. तुमच्या देशाची सूचना वेगळी असेल तर ती पाळा. क्रम मात्र सगळीकडे जवळपास हाच राहतो.

## टप्पा १ : मूल दारात येण्याआधी

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. पहिल्या भेटीत जे बिघडतं, त्यातलं अर्धं आदल्या दिवशी फोन न केल्यामुळे बिघडतं.

कागद. पुनर्वसनासाठी निवड झालेल्या कुटुंबाची निघण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी होते. अनेक देशांसाठी ती आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना, म्हणजे आयओएम करते. तिची कागदपत्रं कुटुंबाकडे बहुधा संघटनेचं चिन्ह असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असतात. फोनवर ‘मेडिकल रेकॉर्ड आणा’ असं सांगितलं तर काहीच येत नाही. ‘विमानात जवळ बाळगलेली ती पिशवी, आहे तशी आणा’ असं सांगितलं की सगळं येतं. घरातले औषधांचे पट्टे, बाटल्या, पुड्या, तेलं हेही त्यातच टाकून आणायला सांगा.

पिशवीत चार गोष्टी शोधा : छातीचा एक्स-रे आणि क्षयरोगाबद्दलचा शेरा, लसींची नोंद, निघण्याआधी दिलेली जंतांची आणि मलेरियाची औषधं, आणि आधीपासूनच्या आजारांची टिपणं. तिसरी गोष्ट हमखास सुटते. ती माहीत असेल तर पुढच्या निम्म्या तपासण्यांचा निर्णय आपोआप होतो.

तारखा. लसीच्या कार्डावरची तारीख वाचण्याआधी ती कोणत्या कालगणनेतली आहे ते पाहा. इथिओपियाचं वर्ष आपल्या नेहमीच्या इसवी सनापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे असतं. अफगाण कार्डांवर सौर हिजरी वर्ष असतं, ज्यात ६२१ किंवा ६२२ मिळवावे लागतात. नेपाळमधल्या छावण्यांतून आलेल्या कागदांवर विक्रम संवत असू शकतो आणि त्यातून ५६ किंवा ५७ वजा करावे लागतात. ‘मुलाला जन्माआधीच गोवरची लस दिलेली दिसते’ असं कुणी हसत सांगितलं, तर हसण्याआधी कालगणना तपासा.

जन्मतारीख. एकाच घरातल्या तीन मुलांची जन्मतारीख १ जानेवारी असेल, तर ती नोंदणीच्या वेळी कुणीतरी घातलेली आहे. वाढीचा आलेख, लसींचं वेळापत्रक, शाळेतली इयत्ता, सगळं या एका तारखेवर उभं असतं. आईला वर्ष विचारण्यापेक्षा ‘पाऊस होता की कडक ऊन? मोठा भाऊ तेव्हा चालत होता का? तुम्ही छावणीत आला होतात का?’ असं विचारा. मनगटाच्या एक्स-रेवरून वय ठरवायचा मोह टाळा. त्यात वर्ष-दोन वर्षांची चूक सहज असते. आणि कागदावरची तारीख स्वतःहून खोडू नका. अंदाज स्वतंत्र टिपणात लिहा, कारण अधिकृत वय बदललं की शिक्षणाचे, मदतीचे आणि कायद्याचे हक्कही बदलतात.

नाव. सोमाली नावात स्वतःचं, वडिलांचं आणि आजोबांचं नाव असतं, आडनाव नसतं. म्यानमारमधल्या कित्येक समाजांतही घराण्याचं नाव नसतं. संगणकाला मात्र आडनाव हवंच असतं, म्हणून प्रत्येक खिडकीवर वेगळा शब्द ‘आडनाव’ होतो आणि एका मुलाच्या दोन फायली तयार होतात. मग तपासणी एका फाइलीत आणि लस दुसरीत. प्रवासाच्या कागदावर जसं नाव आहे तसंच लिहा, आणि नोंदणी क्रमांक जोडा.

भाषा. ‘अरबी दुभाषी मागवलाय’ एवढं पुरत नाही. सुदानमधल्या आजीला इराकी बोली जड जाते. म्यानमारहून आलं म्हणून बर्मी समजून घेतलं जातं, पण घरात कारेन, चिन किंवा रोहिंग्या भाषा बोलली जात असते. अफगाण कुटुंबाला दरी की पश्तो, हे आधी विचारा. दुभाष्याचा समाज आणि लिंगही विचारून घ्या. ज्या गटाच्या भीतीने घर सोडलं त्याच गटातला माणूस समोर बसला तर कुटुंब सगळ्याला ‘हो, ठीक आहे’ म्हणतं. समाज लहान असेल तर दुभाषी त्यांच्या ओळखीचा निघतो. अशा वेळी दूर शहरातला, फोनवरचा, नाव न सांगणारा दुभाषी बरा.

> सावधान : मुलाला दुभाषी करू नका. शाळेमुळे त्याला नवी भाषा पटकन येते आणि सगळ्यांची सोय होते. पण मग आईच्या रक्तस्रावाबद्दल दहा वर्षांचा मुलगा विचारतो, आणि आई गप्प राहते.

तपासा : दुभाषी आहे म्हणून वेळ दुप्पट धरली आहे का? कुटुंब येणार कसं, बस कोणती, उतरायचं कुठे, हे कुणी सांगितलं आहे का? ‘आलेच नाहीत’ असा शेरा पडलेली अनेक कुटुंबं चुकीच्या थांब्यावर उतरलेली असतात.

## टप्पा २ : पहिली भेट, आणि आज काय थांबू शकत नाही

सविस्तर तपासणी आल्यापासून ३० ते ९० दिवसांत व्हावी असं सीडीसी सांगते. पण काही मुलं महिनाभर थांबू शकत नाहीत. निघण्यापूर्वीची तपासणी मुख्यतः प्रवास आणि प्रवेशासाठी असते. तिच्यावर ‘ठीक’ लिहिलं म्हणजे मूल निरोगी, असा अर्थ काढू नका. शिवाय ती कित्येक महिन्यांपूर्वीची असू शकते.

पहिल्या दहा मिनिटांत एवढं पाहा :

- ताप. मलेरियाच्या प्रदेशातून आलेल्या मुलाला ताप असेल तर मलेरियाची तपासणी आजच, सर्दी-खोकला दिसत असला तरी. निघताना औषध दिलं होतं हे कारण पुरेसं नाही. पाच किलोंपेक्षा कमी वजनाच्या तान्ह्या बाळांना तर ते बहुधा दिलेलंच नसतं. व्हायवॅक्स जातीचा मलेरिया यकृतात दडून कित्येक महिन्यांनी उलटतो.
- कुपोषण. सहा महिने ते पाच वर्षं वयात दंडाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी, उंचीच्या मानाने वजन सरासरीपासून उणे तीन झेड-स्कोअरच्या खाली, किंवा दोन्ही पावलांवर सूज, यांपैकी एकही असेल तर ते अतितीव्र कुपोषण. ११५ ते १२५ असेल तर मध्यम. अतितीव्र कुपोषित मुलाला घरी पाठवून ‘भरपूर खाऊ घाला’ सांगणं धोक्याचं आहे. एकदम भरभरून दिलेल्या आहाराने रक्तातले क्षार ढासळतात.
- संपत आलेली औषधं. फिट्स, मधुमेह, दमा, सिकलसेल, थॅलेसेमिया. किती गोळ्या उरल्या ते हाताने मोजा. दुसरी भेट तीन आठवड्यांनी आणि गोळ्या सहा दिवसांच्या, हे गणित मी एकापेक्षा जास्त वेळा चुकलेलं पाहिलं आहे.
- गरोदर मुलगी, आणि जिवाचं बरं-वाईट करण्याचं बोलणारं मूल.

यांपैकी काही नसेल, तर आज घाई करू नका. पहिल्या भेटीचं खरं काम म्हणजे कुटुंब दुसऱ्या भेटीला येईल असं वागणं. मूल आधी आईच्या मांडीवर, मग टेबलावर. शर्ट काढण्याआधी का काढायचा ते सांगा. तक्रार नसेल तर जननेंद्रियांची तपासणी आजच करायची गरज नाही.

पाठीवर समांतर लाल पट्टे किंवा गोल डाग दिसले तर लगेच मारहाणीचा निष्कर्ष काढू नका. आग्नेय आशियातल्या काही समाजांत तापावर नाण्याने पाठ घासतात. तुंबडी लावण्याची पद्धत तर कितीतरी देशांत आहे. ‘हे कशासाठी केलं होतं?’ असं साधेपणाने विचारा. उलट, मारहाणीच्या खऱ्या खुणांवर ‘त्यांच्याकडे तशी पद्धत असेल’ म्हणून पांघरूण घालणं ही त्याहून वाईट चूक.

तपासा : दुभाष्याशी नव्हे, कुटुंबाशी बोलताय ना? ‘तिला विचारा की तिचं पोट दुखतं का’ असं म्हणायचं नाही. आईकडे किंवा मुलीकडे बघून ‘तुझं पोट दुखतं का?’ एका वेळी एकच वाक्य. शेवटी ‘समजलं का?’ विचारू नका. उत्तर नेहमी ‘हो’ येतं. ‘हे औषध घरी कसं द्याल ते मला दाखवा’ म्हणा आणि चमचा-सिरिंज त्यांच्या हातात द्या.

## टप्पा ३ : रक्त एकदाच काढा

हातात सुई दर आठवड्याला बसली की मूल दवाखान्याला घाबरतं आणि आई-वडील ‘इतकं रक्त कशाला नेतात?’ या शंकेत पडतात. म्हणून आधी यादी पूर्ण करा, मग एकदाच काढा. नळीत साधारण किती चमचे रक्त जातं, ते शरीरात पुन्हा तयार होतं, आणि ते कुणाला विकलं जात नाही, हे न विचारता सांगा. तिसरी शंका मनात असते, तोंडावर येत नाही.

संपूर्ण रक्तगणना, इओसिनोफिलसह (जंत असताना बहुधा वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी). हिमोग्लोबिन कमी दिसलं की लोहाची बाटली लिहायची सवय असते. पण आग्नेय आशियातून आलेल्या मुलात लहान आकाराच्या लाल पेशी थॅलेसेमियाच्या वाहकपणामुळे असू शकतात, आणि आफ्रिकेतून आलेल्या मुलात सिकलसेल असू शकतो. लोह देऊन हिमोग्लोबिन वाढलं नाही तर दुसरी बाटली लिहिण्याआधी हिमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणी करा. छावणीत जन्मलेल्या बाळांची जन्मजात आजारांची चाळणी बहुधा झालेलीच नसते. तान्ह्या बाळांत थायरॉइड आणि सिकलसेल आता तरी पाहून घ्या.

शिसं. यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण ही तपासणी ‘छावणीत कुठलं आलंय शिसं’ म्हणून गाळली जाते. सन २००० मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात दोन वर्षांची एक सुदानी निर्वासित मुलगी इजिप्तहून आल्यावर काही आठवड्यांतच शिशाच्या विषबाधेने दगावली. विष नव्या घराच्या जुन्या रंगात होतं. म्हणजे धोका दोन्हीकडे आहे : आधी सुरमा, काजळ, बॅटऱ्या फोडण्याचं काम, काही पारंपरिक औषधं, काही मसाले, वितळवलेल्या भंगारातून केलेली ॲल्युमिनियमची भांडी, आणि नंतर स्वस्त भाड्याच्या घरातली पोपडे उडालेली भिंत. लोहाची कमतरता असलेलं मूल शिसं जास्त शोषतं, त्यामुळे कुपोषित मुलाला धोका आणखी जास्त.

सीडीसीच्या शिफारशीनुसार १६ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक निर्वासित मुलाची, तान्ह्या बाळांचीही, आल्यावर तपासणी करायची. दर डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त म्हणजे वाढलेलं. बोट टोचून काढलेल्या थेंबात आकडा जास्त आला तर शिरेतल्या रक्ताने खात्री करा. बोटावरच्या धुळीमुळेही तो वाढतो. आणि सहा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी, पहिला आकडा कितीही चांगला असला तरी. पहिली तपासणी मागच्या घराबद्दल सांगते, दुसरी या घराबद्दल.

हिपॅटायटिस बी. आधी रक्त, मग लस. लस दिल्यावर साधारण तीन आठवडे पृष्ठभागी प्रतिजनाची (विषाणूच्या कवचावरच्या प्रथिनाची) तपासणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि मग त्या घरात विनाकारण काहूर माजतं. रक्त काढून त्याच बैठकीत लस दिली तर काही बिघडत नाही. मूल खरंच पॉझिटिव्ह आलं तर घरातल्या सगळ्यांची तपासणी करा. त्याची शाळा, खेळ, डबा वाटून खाणं, काहीही बंद करायचं नाही, हे त्याच दिवशी स्पष्ट सांगा.

क्षयरोग. दोन वर्षांपुढच्या मुलांना रक्तातली इग्रा तपासणी सोयीची. बीसीजीच्या लसीचा तिच्यावर परिणाम होत नाही, त्वचेच्या चाचणीवर होतो. इथेही क्रम आहे : गोवरची लस देणार असाल तर इग्रा त्याच दिवशी किंवा आधी काढा. लस आधी दिली गेली तर किमान चार आठवडे थांबा, नाहीतर खोटा निगेटिव्ह निकाल येऊ शकतो. पॉझिटिव्ह निकालाचा अर्थ ‘टीबी झाला’ असा नव्हे. आधी लक्षणं, वजन आणि एक्स-रे पाहून सक्रिय आजार नाही याची खात्री करा आणि मगच सुप्त, म्हणजे जंतू अंगात असून आजार न झालेल्या संसर्गाचं औषध सुरू करा. सक्रिय आजारावर एकाच औषधाने सुरुवात झाली तर जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात.

एचआयव्ही. संमती घेऊन, सगळ्यांची. ‘तुमच्यावर संशय आहे म्हणून नव्हे, प्रत्येकाची करतो’ हे वाक्य आधी.

### जंत : औषधाआधी दोन प्रश्न

निघण्याआधी अल्बेंडाझोल हे जंतांचं औषध मिळालं असेल तर आतड्यातले नेहमीचे जंत बहुतेक गेलेले असतात. उरतो तो स्ट्राँगिलॉइडिस. हा शरीरात स्वतःची पिढी स्वतःच वाढवतो आणि दशकानुदशकं राहू शकतो. शौचाच्या एका नमुन्यात तो सहसा सापडत नाही, आणि इओसिनोफिल नॉर्मल आहेत म्हणून तो नाही असंही म्हणता येत नाही. रक्तातली प्रतिपिंडं तपासा किंवा आयव्हरमेक्टिन द्या : किलोला २०० मायक्रोग्रॅम, रोज एकदा, दोन दिवस.

देण्याआधी दोन प्रश्न. वजन १५ किलोंपेक्षा कमी आहे का? आणि मूल लोआ लोआ या जंताच्या पट्ट्यात, म्हणजे कॅमेरून, काँगो, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, गॅबन, दक्षिण सुदान अशा भागांत राहिलं आहे का? राहिलं असेल तर आधी दिवसा काढलेल्या रक्तात लोआ लोआच्या अळ्या आहेत का ते पाहा. अळ्यांची संख्या खूप असताना आयव्हरमेक्टिन दिलं तर मेंदूला सूज येऊ शकते. जन्मदेश पुरेसा नाही. वाटेत राहिलेले देश विचारा.

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतून आलेल्या मुलांना शिस्टोसोमा या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या जंतासाठी प्राझिक्वाँटेल हे औषध मिळालं होतं का, तेही पाहा. लघवीतून रक्त जाणं तिथल्या काही भागांत इतकं सर्रास असतं की मुलगे ते सांगतच नाहीत.

> सावधान : स्ट्राँगिलॉइडिसचा निकाल लागेपर्यंत स्टेरॉइडचा कोर्स शक्यतो टाळा. द्यावाच लागला तर आयव्हरमेक्टिनचा निर्णय त्याच दिवशी घ्या. स्टेरॉइडमुळे हा जंत अंगभर पसरून जीव जाऊ शकतो. फिट्स येणाऱ्या मुलाला अल्बेंडाझोल देण्याआधी मेंदूतल्या फीतकृमीचा विचार करा. आणि यकृतात दडलेल्या मलेरियावरच्या प्रायमाक्विनच्या आधी जी-सिक्स-पीडी (लाल पेशींतल्या एका विकराची) तपासणी, अपवाद नाही.

## टप्पा ४ : लसी

नियम सोपा आहे : लिहिलेलं ते दिलेलं. ‘सगळ्या लसी झाल्यात’ हे तोंडी उत्तर प्रामाणिक असतं, पण पुरेसं नसतं. उलट लिखित नोंद परक्या लिपीत आहे म्हणून फेकून देऊन सगळं पहिल्यापासून सुरू करणं हीही चूक. मधे कितीही खंड पडला तरी मालिका पुन्हा सुरू करायची नसते, थांबली तिथून पुढे न्यायची. धनुर्वाताच्या लसीचे डोस अति झाले तर दंड टम्म सुजतो.

इथे लोक तीन ठिकाणी चुकतात. गोवरचा डोस पहिल्या वाढदिवसाआधी मिळाला असेल, आणि साथीमुळे छावण्यांत तो तसा मिळतोच, तर तो मोजायचा नाही. वर्ष पूर्ण झाल्यावरचे दोन हवेत. दोन जिवंत लसी एकाच दिवशी द्या, जमलं नाही तर २८ दिवसांचं अंतर ठेवा. तिसरं पोलिओचं. तोंडातून देण्याच्या नेहमीच्या लसीतून एप्रिल २०१६ मध्ये दुसऱ्या प्रकारचा विषाणू वगळला गेला. त्यानंतरच्या थेंबांनी त्या प्रकारापासून संरक्षण मिळत नाही, म्हणून इंजेक्शनची लस पूर्ण करा.

कांजिण्यांबद्दल एक गंमत. उष्ण प्रदेशांत कांजिण्या बऱ्याचदा उशिरा, मोठेपणी होतात. त्यामुळे ‘सोळा वर्षांचा आहे, झाल्याच असतील’ हा अंदाज या मुलांत फसतो.

एका दिवशी चार-पाच सुया चालतात. एकाच मांडीत दोन द्यायच्या तर अडीच सेंटिमीटर अंतर ठेवा. पण किती टोचायच्या ते आत येण्याआधी सांगा, चौथी सुई पाहिल्यावर नव्हे.

तपासा : आज दिलेल्या लसी कुटुंबाच्या कार्डावर *आणि* सरकारी नोंदीत चढल्या का? शाळा कार्ड मागते, आणि नसेल तर सुया पुन्हा बसतात.

## टप्पा ५ : दुसरी भेट, दोन ते चार आठवड्यांनी

निकाल सांगायला फोन वापरू नका. पॉझिटिव्ह असो वा निगेटिव्ह, समोर बसून, दुभाष्यासह.

आता वेळ आहे तर दात पाहा. दात किडणं ही या मुलांतली सगळ्यात जास्त सापडणाऱ्या तक्रारींपैकी एक, आणि दुखरा दात घेऊन वर्ष-वर्ष जगलेलं मूल ‘दुखतं का?’ला नाही म्हणतं. गार पाणी प्यायला द्या आणि चेहरा पाहा. कान आणि डोळे शाळा सुरू होण्याआधी तपासा. नव्या भाषेत मागे पडलेल्या मुलाला ऐकूच येत नव्हतं, हे वर्षाने कळणं वाईट. भाषा उशिरा आली असं वाटलं तर प्रश्न त्याच्या मातृभाषेबद्दल विचारा : घरी किती शब्द, कुणाशी, भावंडांपेक्षा वेगळं का?

वजन-उंची पुन्हा. खुजेपणा एका महिन्यात भरत नाही. वजन मात्र भराभर वाढतं, आणि ते नेहमी चांगलं नसतं. गोड पेयं आणि बाटलीबंद ज्यूस फळाच्या जागी येतात. ‘तुमचं जेवण बदला’ असं सांगू नका. बहुतेक वेळा त्यांचं मूळचं जेवणच बरं असतं. ते टिकवायला मदत करा. नेपाळमधल्या छावण्यांतून आलेल्या भूतानी निर्वासितांत बी-१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणात आढळली होती. अंगभर कपडे घालणाऱ्या, ऊन कमी मिळणाऱ्या मुलींत ड जीवनसत्त्व पाहा.

## टप्पा ६ : किशोरवयीन, एकटं बसून

हा टप्पा सहावा लिहिला आहे, पण त्याचा एक तुकडा पहिल्या भेटीत, सुईच्या आधी येतो. एक्स-रे, गोवरची लस आणि अल्बेंडाझोल या तिन्हींआधी मुलगी गरोदर आहे का हे कळायला हवं, आणि ते आईसमोर कळत नाही.

आई-वडिलांना आधीच सांगा : ‘या वयाच्या प्रत्येक मुलाशी आम्ही थोडा वेळ एकट्याने बोलतो, या देशातला नियम आहे.’ नियम म्हटलं की अपमान वाटत नाही. मग मुलाला सांगा की इथे बोललेलं बाहेर जाणार नाही, आणि कोणत्या तीन गोष्टी लपवता येणार नाहीत : जिवाला धोका, कुणी इजा करत असेल तर ते, आणि तो दुसऱ्याला इजा करणार असेल तर. दुभाषीही हे पाळतो, हे दुभाष्याच्या तोंडून येऊ द्या.

सुरुवात घर, शाळा, मित्र, झोप, पाळी यांपासून. शरीरसंबंध, मारहाण, जबरदस्तीचं लग्न हे नंतर आणि थेट. काही मुलगे अकरा-बाराव्या वर्षापासून घर चालवत आलेले असतात. त्यांच्याशी लहान मुलासारखं बोललात तर उत्तरं एका शब्दात येतात.

सोमालिया, सुदान, इरिट्रिया, गिनी अशा देशांतून आलेल्या मुलींना खतन्याबद्दल विचारावं लागतं. ‘तुझं अंग कापून टाकलंय का?’ असं कधीही नाही. त्यांच्या भाषेतला शब्द दुभाष्याकडून आधी शिकून घ्या आणि म्हणा, ‘काही ठिकाणी मुलींचं असं करतात. तुझं झालंय का? लघवीला, पाळीला त्रास होतो का?’ चेहऱ्यावर धक्का दिसू देऊ नका. धाकट्या बहिणींचा धोका आणि तुमच्या देशातला कळवण्याचा कायदा, दोन्ही आधी माहीत हवेत. एचपीव्हीची लसही याच भेटीत. आई-वडिलांना ती कर्करोगाची लस म्हणून सांगा, जी ती आहेच.

## टप्पा ७ : मन

पहिल्या भेटीत ‘तिकडे काय-काय पाहिलंस?’ हा प्रश्न नको. एकाच बैठकीत सगळं बोलून मोकळं करायची पद्धत मदत करत नाही, कधी नुकसान करते. विचारायचं ते आजचं : झोप लागते का, स्वप्नं पडतात का, अंथरुणात लघवी पुन्हा सुरू झाली का, जेवतो का, खेळतो का, शाळेत कुणी मित्र झाला का. पोटदुखी आणि डोकेदुखी गंभीरपणे घ्या. मनाची तक्रार त्याच वाटेने येते, पण म्हणून पोट न तपासता मनावर ढकलू नका.

चौदा वर्षांपुढच्यांसाठी आरएचएस-१५ नावाची छोटी प्रश्नावली अनेक भाषांत आहे. ती दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला वापरा. आल्यानंतरचे पहिले काही आठवडे बऱ्याच घरांत आनंदाचे असतात आणि त्रास तीन-चार महिन्यांनी वर येतो, म्हणून एकदा निगेटिव्ह आली म्हणून फाइल मिटवू नका. प्रश्नावली देण्याआधी पॉझिटिव्ह मुलाला पाठवायचं कुठे, ते ठरलेलं हवं. आणि आईची झोप विचारा. आई ढासळलेली असेल तर मुलावरचे उपचार पुढे सरकत नाहीत.

एकटं आलेलं मूल असेल तर संमतीपत्रावर सही करण्याचा कायदेशीर अधिकार कुणाचा, हे पहिल्या दिवशीच लेखी घ्या.

## टप्पा ८ : तीन ते सहा महिने

ही भेट सगळ्यात जास्त चुकते, कारण तोवर कुटुंब घर बदलतं, फोन नंबर बदलतो आणि पुनर्वसन संस्थेची मदत संपत आलेली असते. म्हणून तारीख पहिल्याच दिवशी देऊन ठेवा, आणि नंबर दोघांचे घ्या : एक कुटुंबाचा, एक अशा नातेवाइकाचा किंवा शेजाऱ्याचा, जो हलणार नाही.

या भेटीत शिशाची दुसरी तपासणी, आधी इओसिनोफिल वाढलेले असतील तर पुन्हा गणना, लसींची पुढची फेरी, सुप्त क्षयरोगाच्या गोळ्या खरंच चालू आहेत का, वजन-उंची, आणि मनाचे तेच प्रश्न पुन्हा. घराच्या खिडक्यांचा रंग उडालाय का, हेही विचारा. फोनमध्ये फोटो असला तर उत्तम.

शेवटी एक पान द्या : नाव प्रवासाच्या कागदावर आहे तसं, निदानं, चालू औषधं, दिलेल्या लसी, राहिलेल्या तारखा, ॲलर्जी. ते त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून द्या आणि आईच्या फोनवर त्याचा फोटो काढून द्या. औषध संपल्यावर दुकानातून तेच पुन्हा कसं मागायचं, रात्री मूल तापलं तर कोणता क्रमांक लावायचा, आणि तो लावल्यावर आपल्या भाषेचं नाव नव्या भाषेत कसं उच्चारायचं, हे तिच्याकडून एकदा म्हणून घ्या.